हिराकाका आणि लांबडी सायकल

पंक्चर घेऊन आलेल्या माणसाच्या चाकाकडे हिराकाका बघत नाहीत, पायांकडे बघतात. सायकल स्टँडवर लावायच्या आत म्हणतात, "चप्पल दाव." माणूस गोंधळून एक पाय उचलतो. काका वाकून तळ तपासतात, बैलाचा खूर बघावा तसा. तळ गुळगुळीत झालेला असला की सायकल तशीच परत. "ह्या चपलेवरनं पायडल निसटल. पडशील तू, नि नाव जाईल माज्या पंक्चरचं."

भिसेगावातली निम्मी माणसं त्यामुळे काकांकडे जाताना घरातली चांगली चप्पल घालून जातात. माझ्याकडे एकच जोड होता आणि त्याला तळ असा उरलाच नव्हता. काकांची नि माझी ओळख झाली ती अशी, एका पायावर उभं राहून.

मी मूळचा परभणीकडचा. नववीत शाळा सुटली. म्हणजे मीच सोडली, शाळेनेही फार आग्रह केला नाही. गावच्या एका माणसाच्या ओळखीने कर्जतला आलो आणि भिसेगावातल्या एका किराणा दुकानात लागलो. शेठनी काम दिलं, वर दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिली. मी इतका आभारी होतो, की त्यांनी "विमान चालवतोस का" विचारलं असतं तरी मान हलली असती. त्यांनी विचारलं, "सायकल येते का?" मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं. फक्त ती सायकल मी अजून बघितली नव्हती.

मुंबईच्या कुणा फार्महाऊसवाल्याने ती हौसेने आणली होती. मागून बघितलं तर साधी सायकल. पण हँडलच्या पुढे एखादं वासरू आरामात बसेल एवढी लाकडी पेटी, आणि त्या पेटीच्याही पुढे, पार लांब, बारकंसं चाक. हँडल फिरवलं की पेटीखालून एक दांडा सरकतो आणि तिकडे ते चाक वळतं. म्हणजे वळायचा विचार इथे करायचा आणि वळणार ते पलीकडच्या आळीत. त्या माणसाची हौस फिटली आणि शेठनी ती घरपोच माल द्यायला उचलली. सगळे तिला 'लांबडी' म्हणायला लागले.

मी आईला फोन केला. "शेठनी मला गाडी दिली."

"कोणती रे?"

"नाव नाही माहीत. पण लांब आहे."

आई आनंदाने रडायला लागली. मग मी जास्त खोलात गेलो नाही.

पहिल्याच दिवशी मी लांबडीवर बसलो आणि दुकानासमोर जागच्या जागी आडवा झालो. चालू सायकलवरून माणसं पडतात, मी उभ्या सायकलवरून पडलो. शेठ म्हणाले, "हिराकाकाकडे जा. सायकल तुझ्या मापाची करून घे आणि तूही जरा सायकलच्या मापाचा हो."

काकांनी चपलांचा निकाल लावला, स्वतःचे जुने कॅनव्हासचे बूट माझ्यापुढे टाकले आणि मला सीटवर बसवलं.

"पाय टेकव."

मी टेकवला.

"दोनी. आख्खे. बोटांवर नाचू नको."

माझे पाय मुळात आखूड. काका सीट खाली घेत गेले, घेत गेले, शेवटी मी सायकलवर बसलोय की पाटावर, असा प्रश्न पडला. "बरा दिसतोय का मी?" मी विचारलं.

"दिसायला कशाला बसायचंय? मोकळी सायकल तोल गेला तर सावरती. ओज्याची सायकल पडताना इचारत नाय. दोन पाय भुईला पोचले पायजेत, बास."

मग हँडल माझ्याकडे ओढलं, ब्रेकची दांडी माझ्या बोटांत येईल अशी आत घेतली, कारण माझी बोटंही पायांच्याच घराण्यातली. एवढं झाल्यावर मला वाटलं, आता चालवायचं. काकांनी विचारलं, "घाई कोनाला हाय?" हे त्यांचं आवडतं वाक्य. जवाब द्यायचा नसतो. शेठना होती, मला होती, ज्यांचं तेल-साखर अडलं होतं त्यांना होती. पण तसं म्हणायची पद्धत नव्हती.

त्यांचं दुसरं वाक्य, "हवा, बिरेक, चेन, मंग चा." सकाळी काकांच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी दोन्ही चाकं अंगठ्याने दाबायची, ब्रेक आवळून सायकल पुढेमागे ढकलायची, चेन हाताने फिरवायची, पेटीखालच्या दांड्याचे नट हलतात का बघायचे. तोवर चहाचा पेला काका स्वतःच्या हातात धरून बसणार. एकदा मी ब्रेक न बघताच "बघितला" म्हणालो. माझा चहा काकांनी सावकाश, माझ्याकडे बघत, पिऊन टाकला.

आणि मग कोंबडी आली.

ओझं कसं भरायचं ते त्यांनी आधी वाळूच्या पोत्यांवर शिकवलं होतं. जड ते तळाला, मधोमध, हलकं वर, आणि सगळं जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी असं आवळायचं की पेटी हलली तर माल हलू नये. ते मला बऱ्यापैकी जमलं. त्या आनंदात मी होतो, तेवढ्यात काकांनी पोत्यांवर एक टोपली ठेवली. टोपलीत त्यांची गावठी कोंबडी.

"ही कशाला?"

"ही सांगंल. बिरेक नीट लागला तर गप बसंल. हिसका बसला की वरडंल."

पोती मला उतरवायला लावून, नुसत्या टोपलीसकट त्यांनी स्वतः लांबडी आळीतून ढकलत नेऊन आणली. कोंबडीने डोळे मिटले होते. मग मी निघालो. ती पहिल्या पायडलपासून जी ओरडायला लागली, ती थेट परत येईपर्यंत. मी ब्रेक लावला की ओरडायची, सोडला की ओरडायची. एकदा तर मी नुसतं ब्रेककडे बघितलं तरी ओरडली. माणसं घरांबाहेर आली. पानाच्या टपरीवरून कुणीतरी विचारलं, "परभणी, कोंबडी इकतोस का चोरतोस रं?" तेव्हापासून आळीत माझं नाव परभणी. खरं नाव फक्त शेठना माहीत होतं, आणि तेही कधीकधी विसरायचे.

काकांचं म्हणणं एकच. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. लांबूनच, दोन्ही मिळून, दूध ओतावं तसे लावायचे. मी दहा जणांना विचारून खात्री केली, की एवढी चिंता दुसरं कोणी करत नाही. तरी रोज जात राहिलो. एक तर शेठचा हुकूम होता, आणि दुसरं म्हणजे मी जेवलो का हे या गावात विचारणारं ते एकच ठिकाण होतं. दुकानामागेच काकांचं घर, आतल्या खोलीतून काकी विचारायच्या. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे त्या बाहेर येत नसत, त्यांचा आवाज यायचा. "पोरगा उपाशी हाय का बगा. मंग कोंबडीला दोष द्या."

एके दिवशी कोंबडी झोपली. मी तिला हलवून बघितलं, जिवंत होती. काका म्हणाले, "हं." मला ती पदवी वाटली, आणि मी बिघडलो.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टरपासून विळ्यापर्यंत सगळ्याला हार पडतो. मला वाटलं, माझी गाडी तशीच कशी राहील. काका त्या दिवशी साजगावला मुलीकडे गेले होते. मी नाक्यावरच्या फुलवाल्या मावशींकडून झेंडूचा हार घेतला. सायकल लांब, म्हणून हारही लांब. हँडलपासून पेटीला वळसा घालून पार पुढच्या चाकापर्यंत नेला. आईला दाखवायला फोटो काढला. पेटीत तेलाचे डबे भरले आणि ऐटीत निघालो.

नाक्यावर वळायचं होतं. मी हँडल फिरवलं, ते फिरलं नाही. हाराचं टोक पेटीखाली लोंबून त्या दांड्याला आणि चाकाला गुंडाळलं गेलं होतं. लांबडी जिकडे बघत होती तिकडे सरळ गेली आणि समोर होत्या त्याच मावशी. ज्या ढिगातून हार घेतला, त्याच ढिगात मी हारासकट पोचलो. मावशींनी मला वरून खालून बघितलं. "आवाडला नाय काय रं? परत द्याया आलास?"

गुडघा फुटला, दोन डबे फुटले. त्याहून माझं हसं जास्त झालं. पण शेठ हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, आणि शेठ शांत बोलले की मला घाम फुटतो, "हे बघ, दिवाळीचा माल घरोघरी पोचला पाहिजे. या आठवड्यात सायकल रस्त्यावर दिसली नाही, तर मी स्कूटरवाला बघतो. त्याला माळा पण लागेल."

म्हणजे काम गेलं की छप्परही गेलं. आईला काय सांगणार होतो, गाडी लांब होती, इतकी लांब की निघून गेली?

पण लांबडी आता काकांच्या ताब्यात होती. साजगावहून आल्या आल्या त्यांनी ती माझ्याकडून ढकलत आणवली, दांड्यात अडकलेला झेंडू चिमट्याने एकेक करून काढला आणि सायकल खांबाला साखळीने बांधली. मी रोज जाऊन उभा राहायचो. ते नट आवळायचे, परत ढिले करायचे, परत आवळायचे.

"काका, झाली ना आता?"

"एक ओजं राह्यलंय."

"कसलं? पोती झाली, डबे झाले, कोंबडी झाली."

"घाई कोनाला हाय?"

या वेळी मी जवाब दिला. "मला आहे काका. शेठ दुसरा माणूस बघतायत. माळा जाईल माझा." आवाज जरा चिरकला. कोंबडीसारखा.

काकांनी पाना खाली ठेवला. माझ्याकडे नाही, आतल्या खोलीकडे बघितलं. मग उठून आत गेले.

बराच वेळ आतून कुजबुज आली. मग ते गोधडी घेऊन बाहेर आले, पेटीत घडी करून घातली, हाताने दाबून बघितली, काढली, परत घातली. साखळी सोडली, सायकल दाराला लावली. आणि भिंतीला धरत, एकेक पाऊल टाकत, काकी बाहेर आल्या. इतके दिवस मी त्यांचा आवाजच ओळखत होतो. माणूस आवाजापेक्षा बरंच लहान होतं. नवं लुगडं नेसल्या होत्या.

"ह्ये ओजं," काका म्हणाले. "बाजारात न्यायाचं नि परत आनायाचं. नीट आनलंस तर सायकल तुजी."

"मी काय बटाट्याचं पोतं हाय?" काकी म्हणाल्या.

"पोतं गप बसतं."

आम्ही दोघांनी धरून त्यांना पेटीत बसवलं. मी कुणी न सांगता हवा, ब्रेक, चेन पुन्हा तपासली. मी निघालो. काका शेजारून चालत होते, म्हणजे मी चालण्याच्या वेगाने चालवत होतो, आणि ते मला फार छान जमत होतं. काकी दोन्ही बाजूंना बघत होत्या. "हे घर कवा बांदलं? ह्यो रंग कुनी दिला रं हिला?" त्या कितीतरी दिवसांनी बाहेर आल्या होत्या. रिक्षाची पायरी त्यांना चढवत नव्हती, आणि उचलून नेलेलं त्यांना चालत नव्हतं.

बाजारात कासाराने दुकानाबाहेर येऊन पेटीतच त्यांच्या हातात बांगड्या भरल्या. त्यांनी चार रंग परत केले, पाचवा घेतला. काका मागे उभे राहून उगाच टायर दाबत होते. येताना शेठच्या दुकानावरून आलो. शेठ गिऱ्हाईक सोडून पायरीवर आले. पेटीतल्या काकींना हात जोडले, मला म्हणाले, "उद्या सकाळी लवकर उठ. माल पडलाय." बस, एवढंच.

शेठच्या दुकानाकडून काकांच्या घराकडे वळलं की उतार लागतो. मी लांबूनच दोन्ही ब्रेक धरले. काका मागे गेले आणि कॅरिअर धरलं. चालताना त्यांचा श्वास ऐकू यायला लागला.

"माथेरानला हातरिक्षा व्हडायचे ह्ये," काकी समोर बघतच मला सांगू लागल्या. "लगीन झालं तवा. मुंबईच्या नव्या नवऱ्या बशिवल्या रिक्षात, साड्या सांबाळत हसायच्या त्या. उताराला ह्ये मागं असायचे, रिक्षा धरून. मी मागनं डब्याची पिशवी घिऊन चालायची. मला म्हनायचे, एक दिस गिऱ्हाईक नसलं की तुला बशिवतो." त्यांनी गोधडीची कड सारखी केली. "गिऱ्हाईक कवा नसतंय? आनि आता डॉक्टरनं ह्यांना ओजं ढकलायचं बंद केलंय. छातीचं दुखनं हाय. किती जनांच्या चपला बगितल्या ह्यांनी. मला न्याया कुनी पसंतच पडंना."

मागून श्वास तेवढा येत होता.

मला भीती वाटायला लागली. तशी मला कशाचीही वाटते, पण ही वेगळी होती. सायकल माझ्या ब्रेकवर व्यवस्थित उतरत होती, काकांनी काही धरायची गरज नव्हती. "काका, सोडा हात," मी म्हणालो. "लागतोय ब्रेक."

कॅरिअर सुटलं नाही.

काकी हळूच म्हणाल्या, "राहू दे रं त्यांचा हात."

मी पुढे बघितलं. उतार संपायला अजून थोडं अंतर होतं. मी ब्रेक जरासा, अगदी जरासा, ढिला केला, म्हणजे थोडं ओझं मागे, काकांच्या हातात जाईल. काकांनी ते पेललं. काकींच्या बांगड्या वाजल्या नाहीत, इतके आम्ही सावकाश उतरलो.