हरकत नाही

नोटीस खांबाच्या भिंतीकडच्या बाजूला चिकटवली होती, यावरूनच घड्याळवाल्यांनी ओळखलं की काहीतरी शिजतंय. खांब आणि भिंत यांच्यात वीतभर फट होती. तिच्यात मान घालून त्यांनी नोटीस वाचली. बसथांब्याचा निवारा सध्याच्या जागेवरून दुकान क्रमांक चारसमोर हलवण्याचा प्रस्ताव पालिकेच्या विचाराधीन होता. हरकती व सूचना पंधरा दिवसांच्या आत लेखी द्याव्यात, असंही खाली लिहिलं होतं.

दुकान क्रमांक चार त्यांचंच. सहा फूट रुंद, एक खिडकी, खिडकीखाली टेबल. निवारा म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि मागे माणसाहून उंच जाहिरातीचा फलक. तो खिडकीसमोर आला की उजेड संपला. दिव्याखाली काम करताना स्वतःच्याच बोटांची सावली घड्याळात पडते, आणि घड्याळवाल्यांचं वय आता सावलीशी झटापट करण्याचं राहिलं नव्हतं. उजेड गेला तर दुकान बंद करावं लागेल, हे त्यांना त्या फटीतच कळलं. मान काढताना कान खरचटला तो वेगळाच.

"पण निवारा सध्या कुणासमोर आहे?" त्यांनी घरी येऊन बायकोला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "सलूनवाल्यासमोर! त्याची पाटी झाकली जाते. त्यालाच हलवून हवाय. परवा पालिकेचा माणूस त्याच्याकडे दाढी करून गेला, मी बघितलं."

"अहो, दाढी वाढते माणसाची."

"पालिकेच्या माणसाची त्याच दिवशी बरी वाढली!"

बायकोनं वाद न घालता भाजी निवडायला घेतली. लग्नानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासूनच तिनं हे धोरण ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी घड्याळवाले भांडणाच्या तयारीनं पालिकेत गेले. निदान चार खेपा, तीन टेबलं आणि एक 'साहेब जागेवर नाहीत' एवढं त्यांनी धरलंच होतं. खिडकीतल्या कारकूनबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली.

"हरकत नोंदवायचीय? हा अर्ज. दोन प्रती भरा. एकीवर शिक्का मारून तुम्हाला परत देते."

"आणि सभेत बोलायचं असलं तर?"

"मग सभेच्या दिवशी अकराच्या आत चिठ्ठी द्या. नाव, पत्ता, विषय क्रमांक. तुमचा विषय विषयपत्रिकेवर नववा आहे. तो आला की अध्यक्ष नाव पुकारतात. तीन मिनिटं मिळतात, घंटा वाजली की थांबायचं."

"कोणालाही बोलू देतात?"

"गावात राहणाऱ्या कोणालाही."

"ओळख-बिळख न लावता?"

"हो."

घड्याळवाले बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. सरकारी काम एका खेपेत झालं, म्हणजे पाणी नक्कीच मुरत होतं. त्यांनी शिक्का उजेडात धरून बघितला, तारीख ताडून बघितली आणि कागद शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

पुढचे वीस दिवस त्यांनी भाषण बसवलं. दोन मिनिटं पंचावन्न सेकंद. पाच सेकंद त्यांनी टाळ्यांसाठी राखून ठेवले होते. सलूनवाला समोरच्या दारात उभा राहून रोज हात हलवायचा आणि घड्याळवाले रोज तोंड फिरवायचे.

सभेच्या दिवशी ते तीन घड्याळं घेऊन गेले. दोन मनगटावर, एक खिशात. सभागृहातलं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. तीन मिनिटांच्या भाषणाला चार मिनिटांची फसवणूक! त्यांनी मनात नोंद केली. नागरिकांच्या बाकावर मागे वळून बघतात तो सलूनवाला, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात चिठ्ठी.

"तुम्ही इथे कसे?" घड्याळवाल्यांनी दातांवर दात ठेवून विचारलं.

"बोलायला आलोय, काका."

"कुठल्या विषयावर?"

"नऊ."

घड्याळवाल्यांनी मान पुढे वळवली ती पुन्हा मागे नेली नाही.

विषय एक ते तीन अर्ध्या तासात झाले. चौथा गटाराच्या झाकणांचा निघाला आणि त्यावर सगळ्याच सदस्यांना काहीतरी आठवलं. मग कोणीतरी विषय अकरा आधी घ्यावा असं सुचवलं, ते मंजूर झालं. विषयांचा क्रम बदलतात म्हणजे आपल्याला दमवून घरी पाठवायचा डाव आहे, हे घड्याळवाल्यांनी ताडलं. ते हलले नाहीत. पाणी प्यायलाही उठले नाहीत. पावणेतीनला त्यांचं नाव पुकारलं गेलं.

ते माईकसमोर उभे राहिले. मनात पहिलं वाक्य तयार होतं, आवाज तापलेला होता. अध्यक्षबाई पुढे झुकल्या आणि मनापासून म्हणाल्या, "तुम्हाला फार वेळ ताटकळावं लागलं. माफ करा हं."

एवढ्या सगळ्या कटात माफीची शक्यता त्यांनी धरलीच नव्हती. ते गडबडले आणि जन्मभराच्या सवयीनं बोलून गेले, "छे छे, हरकत नाही."

माईक चालू होता. उजवीकडे बसलेल्या सचिवांनी मान खाली घालून लिहिलं आणि लिहितालिहिता मोठ्यानं वाचलं, "विषय क्रमांक नऊ. अर्जदाराची हरकत नाही."

"पुढचे वक्ते," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"अहो, थांबा! माझी हरकत आहे!"

"आत्ता तर नाही म्हणालात," सचिव म्हणाले.

"ती ताटकळायला नव्हती. निवाऱ्याला आहे!"

"मग ताटकळायला हरकत नाही, असं लिहू?"

"त्यालाही आहे! पण ती मी बोललो नाही!"

"जे बोलला नाहीत ते इतिवृत्तात घेता येत नाही."

डावीकडचे एक जाडजूड सदस्य उठले. नागरिकाला एकदा दिलेली संमती उभ्याउभ्या मागे घेता येते का, असा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्या सदस्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं. तिसऱ्यांनी विचारलं, 'हरकत नाही' ही संमती आहे की नुसती सभ्यता? यावर दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. घड्याळवाल्यांनी ओरडून सांगायला सुरुवात केली की मुळात भिंतीवरचं घड्याळच चार मिनिटं पुढे आहे, आणि तेवढ्यात घंटा वाजली.

"तीन मिनिटं झाली," सचिव म्हणाले. "एक हरकत नाही, एक हरकत आहे. दोन्ही नोंदी एकाच अर्जदाराच्या. म्हणजे हिशेब शून्य."

घड्याळवाले बाकावर येऊन बसले. दोन मिनिटं पंचावन्न सेकंदांचं भाषण तसंच्या तसं पोटात होतं. त्यांना रडू येईल असं वाटलं. उद्यापासून खिडकीत फलकाची पाठ दिसणार, आणि त्याला स्वतःच्या तोंडानं होकार देऊन आपण आलो.

मग सलूनवाला उभा राहिला.

"निवारा माझ्या दुकानासमोर आहे," तो म्हणाला. "तो तिथंच राहू द्या."

घड्याळवाल्यांनी कानाला हात लावून बघितला.

"बस चुकली की माणूस माझ्याकडे केस कापून घेतो, माझं बरं चाललंय. पण समोरच्या काकांना उजेड लागतो. घड्याळातली स्प्रिंग केसासारखी बारीक असते. आणि केसातलं मला कळतं. अंधारात मी कोणाच्या डोक्याला हात लावणार नाही."

सभागृह हसलं. हात वर झाले. निवारा न हलवण्याच्या बाजूनं चौदा, विरुद्ध नऊ. दोन मिनिटांत सगळं संपलं.

घड्याळवाले घरी आले ते कपाळाला आठी घालूनच. जेवायला बसले आणि घास हातातच राहिला.

"त्यानं माझी बाजू घेतली," ते म्हणाले. "का घेतली?"

"जेवा हो. जिंकलात ना?"

"त्याची पाटी झाकलेलीच राहणार. नुकसान त्याचं. माणूस स्वतःचं नुकसान उगाच करत नाही. यामागे कोणीतरी आहे."

बायकोनं त्यांच्या हातातल्या घासाकडे बघितलं. आज यांना झोप लागणार नाही, आणि आपल्यालाही लागू देणार नाहीत, हे तिला दिसलं.

"मी आहे," ती म्हणाली.

"तू?"

"मागच्या आठवड्यात गेले होते त्याच्याकडे. म्हटलं, उजेड गेला की यांचं दुकान बंद. दुकान बंद झालं की यांना बसायला समोर तुमच्याच खुर्च्या. सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची चौकशी करतील, पाठीमागून." तिनं आमटी वाढली. "बिचारा पांढराच पडला. म्हणाला, काकू, कितवा विषय आहे?"

घड्याळवाल्यांनी हातातला घास ताटात ठेवला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे माझ्या पाठीमागे कारस्थान होतंच!"

"होतं."

"मला वाटलंच होतं!" त्यांनी मोठ्या समाधानानं घास घेतला, चावला आणि मग चमकून मान वर केली. "अगं, पण मतं चौदा पडली. सदस्यांपैकी कोणाला भेटली होतीस का?"

"छे, कोणाला नाही," असं बायको जरा जास्तच चटकन म्हणाली, आणि घड्याळवाल्यांनी आनंदानं ताट पुढे केलं.