बसच्या मागची रिकामी जीप

किसननानांच्या जीपमधून लग्नाला निघालेला माणूस बहुतेक वेळा थेट पंगतीलाच पोचतो. अक्षता त्याच्या नशिबी नसतात. जीप बंद पडते म्हणून नव्हे. ती जीप बंद पडलेली आमच्या खोडदमध्ये कुणी पाहिलेली नाही. उशीर होतो तो रस्त्यातल्या दगडांमुळे.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडे चढावर ट्रक बंद पडला, की क्लीनर आधी उडी मारून मागच्या चाकाला दगड लावतो. मग मागून येणाऱ्याला कळावं म्हणून रस्त्यात आणखी दगडांची ओळ मांडतो आणि एखादी हिरवी फांदी मोडून ठेवतो. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं. पण गाडी चालू झाली रे झाली, की ड्रायव्हर-क्लीनर दोघंही आत चढून पसार होतात आणि दगड तिथंच पडून राहतात. पुढच्या गाडीचा चेंबर त्यावर फुटतो, इंजिनातलं सगळं ऑइल रस्त्यावर सांडतं, एखादा मोटारसायकलवाला आपटतो, आणि मग सगळे मिळून सरकारला शिव्या देतात. नाना कुणालाच शिव्या देत नाहीत. ते जीप कडेला घेतात, हँडब्रेक ओढतात, उतरतात आणि एकेक दगड उचलून रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवतात. फेकत नाहीत, ठेवतात. फेकलेला दगड घरंगळत परत येतो, असं त्यांचं म्हणणं.

"नाना, मुहूर्त टळतोय!" आपण जीपमधून ओरडावं.

"टळू द्या की. कुनाचा चेंबर फुटला तर मुहूर्त भरून देनार हाय का?" नाना दगड छातीशी धरून विचारणार.

मी खोडदचा टेलर. नानांच्या जीपचं कापडी हूड मी शिवलं, तेव्हापासून माझी त्यांची सलगी. ते हूड शिवताना त्यांनी माझा जो छळ मांडला, तो एकाही नवरीच्या आईनं मांडलेला नाही. एक टाका जरा तिरका गेला, तर "टेलर, पानी तितनंच शिरनार," म्हणून अख्खी शिवण उसवायला लावली. शिवून झाल्यावर हूड उलटं धरून त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि खाली उकिडवे बसून थेंब गळतोय का ते बघत राहिले. माझ्या दुकानात त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक बसू शकलं नाही.

"आधी बघून घिऊ," हे त्यांचं पालुपद. जीप चालू करण्याआधी ते हे म्हणतात आणि चारी चाकं, ऑइल, पाणी बघतात. कांद्याचं बी घेतानाही हेच, आणि थोरल्या मुलीला स्थळ आलं तेव्हाही हेच. तेव्हा तर ते मुलाच्या घरी न जाता आधी मुलाच्या मोटारसायकलीची चेन बघून आले. चेन ढिली होती. स्थळ मोडलं नाही, पण जावयाला आपण नापास होता होता वाचलो हे कळलं आणि तो अजून सासऱ्याच्या दारात चेन पुसून येतो.

जीपच्या मागच्या बाकाखाली त्यांची एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात दोरखंड, तार, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, अंगाच्या साबणाची वडी, हळदीची पुडी आणि तंबाखू. परक्या माणसानं उघडली तर त्याला वाटावं, हे कुठल्या तरी नवरदेवाला आंघोळ घालायला निघालेत. पण टाकी झिरपायला लागली तर साबण चोळून बुजवायची, रेडिएटर बारीक गळायला लागला तर पाण्यात हळद टाकायची, आणि पावसात काच धुरकट झाली तर तिच्यावर तंबाखू चोळायची, असा सगळा हिशेब. एकदा मला तलफ आली म्हणून मी पेटीतली चिमूटभर तंबाखू मागितली, तर नाना म्हणाले, "ती गाडीची हाय."

इंजिन चालू असताना कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. त्यांना आवाज ऐकायचा असतो. मी एकदा म्हटलं, "नाना, एवढं काय ऐकता?" तर त्यांनी गावाशेजारच्या रेडिओ-दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्यांकडे बोट केलं. "त्यास्नी आभाळातलं ऐकू येतंय म्हनत्यात. मला माज्या गाडीतलं ऐकू याला नको?"

असा हा माणूस. त्यांच्या जीपमधून अख्खं खोडद फिरलं. ओझरच्या गणपतीला म्हाताऱ्या गेल्या, दवाखान्यात आजारी गेले, राजुरीच्या पाहुण्यांना आणलं-पोचवलं. बसत नव्हतं ते एकच माणूस, नानांची बायको. हौसाकाकू.

त्याचं असं झालं. काकूंचं माहेर तिकडे आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढं. त्यांचे वडील अगदीच थकले, शेवटचं बघून जा, असा निरोप आला. नानांनी जीप काढली. जुन्नरहून घोडेगावला जाताना मधे डोंगरातला चढ लागतो, तिथं वळणावरच दगडांची ओळ. नाना थांबले. काकू जीपमध्येच बसून होत्या. नानांनी सगळे दगड उचलले, मग गाडी गरम झालीये म्हणून थोडी निवू दिली, मग निघाले. दारात पोचले तेव्हा आतून रडण्याचा आवाज येत होता. लेकीच्या हातचं पाणी बापाच्या तोंडात पडायचं राहून गेलं. काकूंनी भांडण केलं नाही, कुणापाशी कागाळी केली नाही. तेराव्यानंतर नाना जीप घेऊन न्यायला गेले, तर म्हणाल्या, "तुमी व्हा म्होरं. मी बसनं येते." त्या दिवसापासून त्यांनी जीपच्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही.

घरात सगळं रीतसर. भाकरी वेळेवर, बोलणं-चालणं वेळेवर. फक्त कुठं जायचं झालं की काकू बसनं जायच्या. आणि बसच्या मागून, थोडं अंतर ठेवून, नानांची रिकामी जीप.

गावाला ही करमणूकच झाली. पारावरची मंडळी म्हणायची, "नाना, बस काय पळून चाललीय व्हय?" नाना म्हणायचे, "बसचं काय सांगता येतंय? बंद पडली मंजी?" कितीक वर्षं हे चाललं. बस काही बंद पडली नाही. एकदा माझ्या दुकानात सीटचं कव्हर बदलायला आले होते, तेव्हा मशीनच्या आवाजात, मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "टेलर, एकडाव बंद पडायला पायजे. एकडाव बसली की बास." मी मान वर केली नाही. पण त्या दिवशी मला त्यांची चेष्टा करायची लाज वाटली.

मग काकूंच्या भाचीचं लग्न निघालं, माहेरीच. मुहूर्त दुपारचा. काकू जुन्नरहून बसमध्ये बसल्या, मागून जीप, आणि जीपमध्ये नाना नि मी. नवरीचे कपडे मी शिवले होते म्हणून मलाही आमंत्रण होतं. निघायच्या आधी नानांनी नेहमीप्रमाणे उतारावर ब्रेक तपासले. मी शेजारीच बसलो होतो. ब्रेक असा लागला की माझं कपाळ काचेवर आदळायचं राहिलं.

चढ सुरू झाला आणि पुढं बसच्या तोंडातून वाफेचा लोट निघाला. बस थांबली. मी नानांकडे बघितलं. त्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले होते.

माणसं खाली उतरली. कंडक्टरनं चाकाला दगड लावले, मागं ओळ मांडली. ड्रायव्हर तरणाबांड, तो फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला, तर नानांनी जाऊन त्याचं मनगटच धरलं.

"वाफ तोंडावर ईल, डोळं जात्याल. निवू दे. आधी बघून घिऊ."

"काका, लोकं खोळंबल्यात."

"खोळंबू द्या. भाजलेला ड्रायव्हर काय कामाचा?"

तेवढ्यात गर्दीतल्या एका बाईनं काकूंना ओळखलं. "अवो हौसाबाई, तुमची जीप हाय की हितं! जावा की तुमी. भाची बोहल्यावर उभी ऱ्हायची वेळ झाली, आन् आत्या रस्त्यात!" मग सगळेच सुरू झाले. बसा की, जावा की, नाना न्या की त्यास्नी. काकूंनी पदर सावरला. मान खाली घातली. चारचौघांत नवऱ्याच्या गाडीला नाही म्हणायचं आणि का ते सांगायचं, हे त्यांच्यानं होणार नव्हतं. होय म्हणणंही होणार नव्हतं. ज्याची नाना इतकी वर्षं वाट बघत होते तेच समोर उभं होतं. एक शब्द त्यांनी टाकला असता, तर लाजेकाजेस्तव का होईना, काकू बसल्या असत्या.

नाना बसच्या तोंडाजवळून ओरडले, "जीप न्हाई जायची. ब्रेक लागंनात तिचं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ज्या माणसानं आपल्या जीपच्या हॉर्नलादेखील कुणाला नाव ठेवू दिलं नाही, तो भर रस्त्यात तिला बिनब्रेकाची म्हणत होता. "असली कसली गाडी मग मागं फिरवता?" एक जण हसला. नाना म्हणाले, "हाय तशीच. जुनी झाली." आणि पेटी आणायला जीपकडे वळले.

इंजिन निवेपर्यंत ते हलले नाहीत. मग बाह्या सारून आत वाकले. रबरी पाइप उभा चिरला होता. तो पुसून कोरडा केला, त्यावर ट्यूबची पट्टी ताणून ताणून गुंडाळली, तार आवळली. आपल्या कॅनमधलं पाणी हळूहळू ओतलं. ड्रायव्हरला सांगितलं, "झाकन निम्मंच बसव, जोर कमी येतो. घाट सपूस्तवर दमानं घे." कपाळावरचा घाम पुसायलाही ते थांबले नव्हते. बायकोला अक्षतांना पोचवायचंच, आणि तिच्या मनाजोगत्या गाडीतून पोचवायचं, एवढंच त्यांनी धरलं होतं.

बस चालू झाली, दगडांपासून थोडी पुढं सरकून थांबली. माणसं चढायला लागली, मी जीपमध्ये येऊन बसलो. नाना सवयीनं दगडांच्या ओळीकडे वळले. तेव्हा काकू बसच्या पायरीवरून परत खाली उतरल्या आणि पिशवी घेऊन सरळ जीपपाशी आल्या.

"टेलरभाऊ, तुमी बसमधी बसा," त्या मला म्हणाल्या. मी उतरलो. मग नानांकडे न बघता म्हणाल्या, "ब्रेक लागत न्हाईत त्या गाडीत मानसानं एकट्यानं जाऊ नाय."

नानांच्या हातातला दगड खाली पडला. ते धावत आले. "ब्रेक चांगलं हायेत गं," ते म्हणाले.

"ठाव हाय मला."

काकू पुढच्या सीटवर बसल्या. नानांनी घाईघाईनं चावी फिरवली. चाकांकडे बघितलं नाही, ऑइल नाही, पाणी नाही. "चल, चल. अक्षता गाठू. व्हईल अजून."

मी अजून जीपपासून चार पावलांवरच होतो, म्हणून मला नीट ऐकू आलं. काकूंनी हात पुढं करून चावी बंद केली.

"आन् ते दगड कुनी उचलायचं? कुनाचा चेंबर फुटायला ठिवलंत? जावा, आवरून या. मी हाय बसून."