उकिरड्याचा उसना आकडा

बसा रे बाळांनो, नाकाला रुमाल लावून बसा. एका जंगलात एक उकिरडा होता. उकिरडा कसला, डोंगरच तो! अख्ख्या जंगलाचं उष्टं-खरकटं, सडकी फळं, हाडं तिथे पडत. आत सगळं कुजे आणि त्यातून वायू निघे.

पायथ्याच्या बिळात सायाळबाई राहायची. तिची पिल्लं सारखी खोकायची. धाकट्याला तर श्वासच पुरत नसे. शेवटी ती दरबारात गेली.

"महाराज, हा उकिरडा हलवा हो. गुदमरून मरतील माझी पिल्लं."

सिंहाला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की तो समिती नेमत असे.

"वायू किती निघतो ते आधी कळू दे," तो म्हणाला. "जास्त निघाला तर लगेच हलवतो."

समितीवर बगळा आला. तो विद्वान होता, शिवाय पांढराशुभ्र होता, म्हणून उकिरड्याकडे फिरकला नाही.

"मोजत कोण बसतंय? अंदाज काढू."

अंदाजाची एक रीत असते, बाळांनो. आपल्याकडे आकडा नसला की दुसऱ्या जंगलाचा आणून चिकटवायचा. बगळ्याने आणला तो थेट बर्फाळ जंगलाचा. तिथे अस्वलाने टाकलेला मासा पुढच्या हिवाळ्यातही ताजा असतो.

"अहो, आपल्याकडे सकाळचं केळं संध्याकाळी काळं पडतं!" सायाळ म्हणाली.

"बाई, शास्त्रात भावना आणू नका."

अंदाज आला: वायू नगण्य. उकिरडा जागच्या जागी राहिला. इतकंच नाही, नगण्य आहे म्हटल्यावर शेजारच्या जंगलांनीही आपला कचरा तिथेच आणून टाकला.

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, त्या नगण्य वायूने पेट घेतला. सायाळीने एकेक पिल्लू तोंडात धरून नदीपार नेलं. धाकट्यासाठी परतली तेव्हा बिळाचं तोंड पेटलेलं होतं. मला हे सांगतानाही संताप येतो.

बगळ्याला मात्र आनंद झाला. सगळं जळून गेलं म्हणजे कुजायला काही उरलं नाही. वायू आणखी घटला! दरबारात हारतुरे झाले. सिंहाने सायाळीलाही मानाने बोलावलं.

"काय बाई, झाली ना हवा स्वच्छ?"

"झाली, महाराज. धाकटा आता खोकत नाही."

दरबाराने टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य: मुलांनो, घरात धूर झाला तर खिडकी उघडू नये. एखाद्या थंड हवेच्या गावाहून अंदाज मागवावा. खोकला त्यानेही थांबतो.