कपिलीकडे पाठ

माझे चुलत सासरे तात्या आपली गाडी सुरू करायला लागले, की आजूबाजूच्या माणसांनी गाडीकडे पाठ करून उभं राहायचं, असा त्यांचा नियम होता. लष्कराच्या लिलावातून आणलेली ती जुनी पिकअप. तिचं नाव त्यांनी कपिली ठेवलं होतं आणि तिच्यातून ते पौडला दूध पोचवत.

"परक्याम्होरं गाय पान्हा सोडत न्हाई. ही बी न्हाई सोडत. फिरा समदी!"

मग पाटील असोत की मास्तर, सगळे डोंगराकडे तोंड करून उभे. कुणी म्हणालं, "तात्या, ढकलू का?" तर ते भडकायचे. "गाय ढकलून पान्हावती व्हय रं?"

त्याआधी कपिलीची तपासणी व्हायची. बॉनेटला कान लावायचा, पेट्रोलच्या नळीत तोंडाने फुंकायचं, आणि प्लग काढून थेट माझ्या चुलीच्या वैलावर शेकत ठेवायचे. एकदा पाहुण्याने भाकरी हुंगली, खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान वर करून बोलणारी नव्हे. काय सांगणार, की हा वास कपिलीचा?

पण खरी लाज वाटली ती नणंदेच्या पाठवणीला. सुभद्रेला सूसला दिली होती. "पोरीला सासरी माजीच गाडी नेनार," असं तात्या साखरपुड्यापासून सांगत होते. मी पाठराखीण. नवरीला घेऊन पुढे बसले. नवरदेव आणि वऱ्हाडी बाहेर उभे. तात्यांनी गाडीच्या नाकात लोखंडी हँडल लावलं, फिरवलं. कपिली खोकली आणि गप्प झाली.

तात्या वळून म्हणाले, "पाव्हणं, जरा पाठी करा."

"म्हंजी?" विहीणबाईंचा आवाज चढला. "वरमायला पाठ करायला सांगताय? असली तऱ्हा आमी कुटं बघितली न्हाई."

"गाडी लाजती, विहीणबाई."

वऱ्हाडात हशा पिकला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सुभद्रा तर मुंडावळ्यांआड रडायलाच लागली.

"फिरतो आमी," विहीणबाई म्हणाल्या, "पन आत्ता सुरू न्हाई झाली, तर पोर आमच्या बैलगाडीतनं जाईल. आन् हितनं पुढं कुनी गाडीचं नाव काढायचं न्हाई."

सगळे फिरले. मीही पदर तोंडावर ओढला. पण लग्नातलं लुगडं विरळ, पदरातून काचेपलीकडचं सगळं दिसत होतं.

तात्यांनी उजव्या हाताने हँडल धरलं आणि लगेच सोडलं. मनगट लुळं पडलं होतं. मग डाव्या हाताने धरून, वरून गुडघ्याने रेटा देत त्यांनी ते कसंबसं अर्धं फिरवलं. एके काळी जत्रेतली कुस्ती मारणारा हा माणूस ओठ चावत होता आणि मध्येच मागे बघत होता, कुणी वळलं नाही ना.

आता मला कुणाची लाज वाटावी हेच कळेना. हसणाऱ्यांत मीही होतेच की, मनातल्या मनात.

मी दार उघडून खाली उतरले. सासऱ्यांसमोर कधी धड उभी न राहिलेली मी, हँडलाला हात घातला.

तात्या दचकले. "अगं सूनबाई! मानसं हायेत!"

"त्यांच्या पाठी हायेत, तात्या," मी पुटपुटले.

त्यांनी बाजूला सरकून मला जागा दिली. मग हळूच म्हणाले, "वर वढायचं. एकदम."

दोघांनी मिळून ओढलं. दुसऱ्या वेळेला कपिली सगळं अंग हलवत धडधडली. मी पळत आत जाऊन बसले. "फिरा आता!" तात्या ओरडले, तेव्हा त्यांचा आवाज पाटलासारखा होता. विहीणबाई तोंडाला पदर लावून मुकाट मागे चढल्या.

पिरंगुट मागे पडलं. सुभद्रा माझ्या खांद्यावर झोपली होती. मग रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले,

"सूनबाई, हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवत जा. येटोळं घालू नगंस. उलटा झटका बसला, की मनगट जातं."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "माजं तसंच गेलं."