घट्ट ओलावा

डॉक्टरांच्या लेकीला दिवस गेले होते आणि ती राहत होती त्या शहरात हिवाळ्यात रस्ते गोठतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा डॉक्टरांची झोप उडाली. डॉक्टर दातांचे होते. माणूस तोंडघशी पडला तर काय काय तुटतं, हे त्यांना पुढच्या दातांपासून अक्कलदाढेपर्यंत पाठ होतं. पत्नीच्या गुडघ्यांनी एवढ्या लांबच्या प्रवासाला साफ नकार दिला, तेव्हा बाळंतपणाला आईच्या जागी बाप जाणार असं ठरलं. दवाखान्याला कुलूप लागलं आणि डॉक्टर खरेदीला बाहेर पडले.

लोकरीचे मोजे, कानटोपी वगैरे घेऊन झाल्यावर त्यांनी गिर्यारोहकांच्या दुकानातून बुटांना लावायचे काटे घेतले. वर रबराची जाळी, ती बुटावर ओढून चढवायची. तळव्याखाली बारीक साखळ्या आणि टोकदार खिळे. एक जोड स्वतःसाठी, एक लेकीसाठी.

"हे चढवा आणि खुशाल आरशावर उभे राहा," दुकानदार म्हणाला. "तसूभर हलणार नाही."

डॉक्टरांनी घरी येऊन आरसा सोडून बाकी सगळ्यावर उभं राहून पाहिलं. फरशीवर ओरखडे उठले, बायकोने अबोला धरला. पण डॉक्टरांना शांत झोप लागली.

विमानतळावर न्यायला जावई आला होता. जावई त्या शहराच्या नगरपालिकेत, रस्ते खात्यात उपअधिकारी. मोठा गुणी मुलगा. वरिष्ठ जे म्हणणार असतील ते त्याला आधीच पटलेलं असे. बाहेरचा रस्ता काचेसारखा चमकत होता. डॉक्टरांनी कठड्याला टेकून काटे चढवले आणि खर्र खर्र करत चार पावलं टाकली. आजूबाजूच्या माना वळल्या.

"बाबा, ते काढा आधी," जावई दबक्या आवाजात म्हणाला.

"का? बर्फ आहे की."

"बर्फ नाहीये, बाबा. शहर बर्फमुक्त झालंय. तसं आम्ही जाहीर केलंय. समारंभ झाला, फीत कापली."

"मग हे खाली काय आहे?"

जावयाने खाली पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "ओलावा."

"एवढा कडक?"

"घट्ट ओलावा म्हणतात त्याला. तोच अधिकृत शब्द आहे. आणि ओलाव्यावर काटे घालून चालणं म्हणजे बर्फ असल्याची अफवा पसरवणं. त्याला दंड आहे, आणि..."

पुढचं वाक्य पूर्ण होण्याआधी जावयाचे दोन्ही पाय आकाशाकडे गेले आणि तो पाठीवर आडवा झाला.

"अहो, पडलात की!"

"पडलो नाही," जावई आडव्यानेच म्हणाला. "बसलो."

"पाठीवर?"

"ऐसपैस बसलो."

लेकीच्या घरचा मामला. डॉक्टरांनी पडतं घेतलं, काटे काढून पिशवीत टाकले आणि गाडी गाठेपर्यंत स्वतःही ऐसपैस बसून घेतलं.

शहर मोठं देखणं होतं. जिकडे पाहावं तिकडे माणसं बसलेली. कोणी चौकात, कोणी बँकेच्या पायरीवर, कोणी हातातल्या भाजीसकट रस्त्याच्या मधोमध. नागरिक कुठेही बसतात हे पाहून नगरपालिकेने रस्त्यांवरचे बाक अनावश्यक म्हणून उचलले होते, आणि याच बसण्याच्या जोरावर शहराला देशातल्या सर्वांत निवांत शहराचा मान मिळाला होता. हात गळ्यात बांधलेली शेजारीण पाहुण्यांना बघून हसली, तेव्हा डॉक्टरांच्या अनुभवी नजरेला तिचे वरचे दात नवे दिसले. मग दूधवाल्याचे दिसले. मग पोस्टमनचे. सगळे एकाच साच्यातले, पांढरेशुभ्र. ते शहर हसलं की एकच माणूस हसतोय असं वाटे.

"तू तपासणीला जातेस कशी?" डॉक्टरांनी लेकीला विचारलं. जावई कामावर गेला होता.

"भिंत धरून."

"आणि भिंत संपली की?"

"डोळे मिटते."

"अगं, मी काटे आणलेत तुझ्यासाठी."

"माहितीये, बाबा. पण त्याच्या बढतीचं चाललंय. रस्ते खात्यातल्या माणसाची बायकोच काटे घालून फिरली तर लोक काय म्हणतील?"

"आणि बायको पडली तर?"

"बसली," ती सवयीने म्हणाली. मग तिने पोटावर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी काट्यांचा जोड तिच्या कोटाच्या खिशात कोंबला.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी जावयाने रुग्णवाहिकेला फोन लावला. घर चढावर होतं, प्रसूतिगृह उताराच्या तळाशी. खिडकीतून त्याचं दार दिसायचं. पलीकडचा माणूस फार सौजन्याने बोलला. चाकांना साखळ्या लावल्याशिवाय गाडी तो चढ चढत नाही, असं त्याने सांगितलं. मग लावा साखळ्या, असं जावई म्हणाला. त्यावर साखळ्यांना बंदी आहे, आणि बंदीचा हुकूम तुमच्याच खात्यातून निघालाय, अशी माहिती त्याने पुरवली. खाली सही कुणाची आहे तेही सांगायला तो तयार होता. जावयाने फोन ठेवला.

डॉक्टर तोवर लेकीच्या पायाशी बसून तिच्या बुटांवर काटे चढवत होते.

"कुणी बघितलं तर?" जावई कुजबुजला.

"बघू दे!" लेक दातओठ खात म्हणाली. "तू येणार असशील तर ये, नाहीतर बस."

जावई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच बसला.

त्याच्या तोंडाकडे बघून डॉक्टरांना त्याची कीव आली. घाबरला होता बिचारा. बायकोसाठी घाबरला होता आणि खुर्चीसाठीही, आणि यातलं जास्त कुठलं हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. डॉक्टरांनी स्वतःचे काटे त्याच्यापुढे धरले. "घाला. तुम्ही तरुण आहात, तिला तुम्हीच धरायचं. माझं मी बघतो."

जावयाने एकदा उताराकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. आणि घातले.

मग ती वरात निघाली. पुढे लेक आणि जावई, खर्र खर्र, ताठ. मागे डॉक्टर, बूड टेकून, दोन्ही हातांनी वल्ही मारल्यासारखे घसरत. निम्मा उतार झाला आणि समोरून नगरपालिकेचे आयुक्त आले. बर्फमुक्तीची पाहणी चालली होती. मागे उपायुक्त, अभियंते, छायाचित्रकार, सगळा लवाजमा. पाहणी बसून चालली होती, कारण उभं राहून ती कुणालाच जमत नव्हती. संबंध रस्त्यावर उभी माणसं दोनच होती.

आयुक्तांनी खालूनच विचारलं, "तुमच्या पायांत काय आहे?"

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. लेकीने त्याचं मनगट इतकं आवळलं की त्याच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडला.

"दागिना आहे, साहेब."

"दागिना?"

"पायातला. हल्ली फॅशन आहे."

"मग तळव्याखाली का घातलाय? दिसत नाही तो."

"आपल्यासमोर मिरवायचा कसा, साहेब? म्हणून खाली."

आयुक्तांना ही नम्रता आवडली. त्यांनी रस्ता मोकळा करण्याची खूण केली, आणि लवाजमा बसल्या बसल्या दोन्ही बाजूंना सरकला. प्रसूतिगृहाच्या दारात डॉक्टर थांबू शकले नाहीत; ते तसेच पुढे कुंपणापर्यंत गेले. उठून, अंग झटकून परत येईपर्यंत आतून रडण्याचा खणखणीत आवाज आला होता. मुलगी झाली. बाळाला अजून एकही दात नाही हे पाहून डॉक्टरांना भरून आलं. तुटण्यासारखं काही नव्हतं.

जावयाला नोटीस येईल अशी घरात सगळ्यांची खात्री होती. आला तो बढतीचा हुकूम. आयुक्तांना दागिन्याची कल्पना पसंत पडली होती. बर्फमुक्त, निवांत शहराला आता स्वतःचं असं एक पादभूषण मिळालं. ते वापरायला पूर्ण मुभा होती. अट एवढीच की दागिना दिसला पाहिजे, सबब तो बुटाच्या वरच्या अंगाला, टोकं आकाशाकडे करून घालावा. तळव्याखाली दागिना घालणं ही मालमत्ता दडवण्याची बाब समजली जाईल. पादभूषण कक्षाचे प्रमुख म्हणून जावयाची नेमणूक झाली.

शहराने फॅशन डोक्यावर घेतली. सोनेरी काटे आले, चंदेरी आले, शाळकरी मुलांसाठी रंगीत आले. लोक एकमेकांच्या पायांकडे बघत चालू लागले आणि पूर्वीपेक्षा जास्त बसू लागले. आता बसणारा बहुधा दुसऱ्याच्या बुटावर बसे, आणि त्या बुटावर खिळे असत. इस्पितळात 'भूषणजन्य टोचणी' नावाचा नवा विभाग उघडला. तिथे उभ्यानेच वाट पाहावी लागे, कारण आता खरोखर कुणालाच बसता येत नव्हतं.

"अहो, ते काटे उलटे लावलेत तुम्ही!" डॉक्टर एकदा न राहवून जावयावर ओरडले.

"मला कळतं, बाबा," जावई बुटावरचे खिळे फडक्याने पुसत म्हणाला. "पण सगळ्यांनीच तसे लावलेत."

काही चतुर लोक वरून दागिना आणि खालून काटे असे दोन्ही घालतात, असा संशय आल्यावर कक्षाने तळवे तपासणारी पथकं नेमली. पथक चौकात उभं राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एक पाय वर करून तळवा दाखवायला सांगे. घट्ट ओलाव्यावर एक पाय वर केला की काय होतं, ते सांगायला नको. बसणाऱ्याचे दोन्ही तळवे आपोआप वर येत, त्यामुळे पथकाचं काम फारच झटपट होई.

लेक एका दुपारी बाळाला छातीशी बांधून, बुटांखाली काटे घालून, डॉक्टरांबरोबर बाहेर पडली. तपासनिसाने हात आडवा केला. "एक पाय वर करा, बाई."

"कसा? मला नाही समजलं," लेक म्हणाली. "जरा करून दाखवता?"

तपासनीस कर्तव्यदक्ष होता. त्याने करून दाखवला. लेक त्याला वळसा घालून खर्र खर्र करत पुढे गेली. तिच्या ताठ पाठीकडे बघत डॉक्टर उभे राहिले. ही आता पडणार नाही, एवढं त्यांना कळलं, आणि त्यांनी परतीचं तिकीट काढलं.

घरी आल्यावर डॉक्टरांनी दवाखाना उघडला आणि ही सगळी हकीकत बाहेर ताटकळलेल्या पेशंटांना सांगितली. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांची दाढ दुखत होती ते गाल धरून हसले.

"काटे वरच्या बाजूला!" कापडदुकानदार मांडीवर थाप मारत म्हणाला. "अहो, जीव वाचवायची वस्तू, आणि ती मिरवायला? काय माणसं म्हणायची ही!"

त्याचं काम सगळ्यांत आधी झालं. तो अजून हसतच जिना उतरला. डॉक्टर हात पुसत खिडकीत आले. दुकानदाराने स्कूटर काढली, बायकोला मागे घेतलं, हेल्मेट झोकात कोपरात अडकवलं आणि किक मारली.

"अहो!" डॉक्टर वरून ओरडले. "ते डोक्यावर घाला!"

दुकानदाराने मान वर करून मोठ्या प्रेमाने त्यांच्याकडे पाहिलं. "इथंच तर जायचंय, डॉक्टर. दोन गल्ल्या सोडून."

त्याच्यामागून एकेक करत बाकीचे पेशंटही खाली आले आणि तसेच निघाले. सगळे जवळच राहणारे होते. हे वाचणारेही बहुधा जवळच राहत असावेत.