टोपीवाली सावली

मी एकट्याने पार पाडलेलं एकमेव काम म्हणजे जन्माला येणं, असं आमच्या बायकोचं मत आहे. (आणि त्यातही त्रास आईंनाच झाला, अशी पुस्ती ती जोडते.) त्यामुळे पाठीवर सॅक टाकून चार दिवस एकटाच डोंगरात भटकून येतो, असं एका रविवारी दाढी करता करता मी जाहीर केलं, तेव्हा ती हसेल अशी माझी खात्री होती. हसली असती तर मी गेलोच नसतो. पण ती म्हणाली, "जा की." आणि मी अडकलो.

"अट एकच," ती पुढे म्हणाली. "कुणाची मदत घ्यायची नाही. रोज एक फोटो पाठवायचा. डोक्यापासून बुटापर्यंत, स्वतःचा स्वतः काढलेला."

"आणि जमलं तर?"

"दरवर्षी चार दिवस तुमचे. नाही जमलं, तर दरवर्षी ताई आणि भाओजींबरोबर बसची सहल."

भाओजी म्हणजे माझे साडू. ते चाळीस जणांची बस ठरवतात, गळ्यात शिट्टी अडकवतात आणि प्रत्येक थांब्यावर माणसं मोजतात. गेल्या खेपेला निघतानाच मी चुकून दोनदा मोजला गेलो आणि नसलेल्या एक्केचाळिसाव्या माणसासाठी चौकशी करत बस तासभर थांबली. त्या बसपेक्षा दरी बरी. मी अट मान्य केली.

आता आमच्या हिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ती शाळेत शिकवते, आणि परीक्षेत कॉपी पकडण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. मी कचेरीत रेकॉर्ड सांभाळतो. म्हणजे कागद तिला घाबरतात आणि मी कागदांना.

पहिल्या दिवशी टेकडीवर तीन पायांचा स्टँड उभा केला, त्यावर फोन बसवला आणि दहा सेकंदांचा टायमर लावला. बटण दाबायचं, धावत जाऊन खडकावर उभं राहायचं आणि आपण सकाळपासून तिथेच उभे आहोत असा चेहरा करायचा. कचेरीत चहा यायचा असतो तेव्हा दहा सेकंद संपता संपत नाहीत. इथे मात्र सॅक सावरेपर्यंत संपत होते. पहिल्या फोटोत माझी पाठ आली, दुसऱ्यात एक बूट, तिसऱ्यात नुसता खडक आणि त्यामागून वर आलेला हात. (मी घसरलो होतो.) सतराव्या खेपेला मी सगळा मावलो. लगेच फोटो पाठवला.

"आलात," बायकोचं उत्तर आलं. "पण कुणी पाठी लागल्यासारखे का दिसताय?"

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. मी खडकावर पोचायचो आणि इकडे स्टँड आडवा व्हायचा. आभाळाचे एकोणीस फोटो निघाले. शेवटी वारा पडला तेव्हा विसाव्यात मी कसाबसा उभा सापडलो.

तिसऱ्या दिवशी मात्र मी डोकं चालवलं. स्टँडवर माझं जाकीट अडकवलं आणि त्याच्या खिशांत दगड भरले, म्हणजे वाऱ्याने तो हलणार नाही. संध्याकाळचं ऊन मागून येऊन फोनवर चमकत होतं, म्हणून वर माझी टोपी ठेवली. बटण दाबलं, धावलो, खडकावर चढलो, हात पसरले. आणि काय सांगू, पहिल्याच खेपेला असा फोटो आला की माझा मलाच हेवा वाटला! पोट आत, हनुवटी वर, मागे डोंगरांच्या रांगा. कचेरीत लावावा असा फोटो. मी तो पाठवला आणि उतरून मुक्कामाच्या खोलीवर आलो.

बूट काढतोय तोच व्हिडिओ कॉल आला. बायकोचा आवाज परीक्षेच्या हॉलमधला होता.

"कोण आहे ते?"

"मीच की! ओळखलं नाहीस?"

"तुम्ही नाही हो. फोटोत खाली गवतावर बघा. सावली. टोपी घातलेली, बारीक अंगाची, कमरेवर हात ठेवलेली."

मी फोटो उघडला. खरंच, माझ्या पायांकडे एक लांबलचक सावली आली होती. डोक्यावर टोपी, जाकीट, आणि फुगलेली बाही थेट कमरेवर हात ठेवल्यासारखी. चांगली ऐटबाज दिसत होती.

आणि मला, खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या. लग्नाला बावीस वर्षं झाली. माझ्यावर संशय घ्यावा असं या बाईला आजवर एकदाही वाटलं नव्हतं. आज वाटलं! मी केस मागे सारले.

"अगं, तसलं काही नाही," मी शक्य तितक्या संशयास्पद आवाजात म्हणालो. "तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

"मनाला काय लावायचंय? अट मोडलीत. दुसऱ्याकडून फोटो काढून घेतलात. ताईला कळवू ना, दोन सीट धरायला?"

"एवढाच संशय?"

"मग आणखी कसला घेऊ?" तिने अगदी मनापासून विचारलं.

माझ्या कानात शिट्टी वाजली. मी ताडकन उठलो, फोन खिडकीत टेकवला, स्टँड उभा केला, त्याला जाकीट घातलं, टोपी ठेवली आणि टॉर्च लावून भिंतीवर सावली पाडली. बाही कमरेवर नीट बसेना, म्हणून स्टँडला एका हाताने कवटाळून दुसऱ्या हाताने ती धरली आणि ओरडलो, "बघ, हीच ती! दुसरी कुणी नाही!"

"जेवण एकाचं की दोघांचं?" दारातून आवाज आला. खोलीचे मालक उभे होते.

"एकाचंच," फोनमधून बायको म्हणाली आणि इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "जिंकलात हो. उद्याचा फोटो तेवढा पाठवा, की दरवर्षी चार दिवस तुमचे."

पाचव्या दिवशी मी घरी पोचलो ते छाती पुढे काढूनच. पैज जिंकली होती, एकट्याने जिंकली होती, आणि मी खरोखर खुशीत होतो. चहा घेताना मी औदार्याने म्हणालो, "बिचारी, तुला चार दिवस एकटीला काढावे लागले."

तिने फोन पुढे केला. फोटोत ती खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत बसली होती. पाय टेबलावर, हातात कप, मांडीवर उघडं पुस्तक. बावीस वर्षांत इतका निवांत चेहरा मी तिचा पाहिला नव्हता.

"कुणी काढला?"

"टायमर लावून मीच. फोन साखरेच्या डब्याला टेकवला होता."

"कितव्या खेपेला आला?"

"पहिल्याच." तिने फोन परत घेतला, तो फोटो पुन्हा एकदा प्रेमाने पाहिला आणि म्हणाली, "अहो, पुढच्या वर्षी चारच दिवस कशाला? आठ जा की."