राजीनामा मंजूर

इंजिनिअरिंगच्या पोराने प्रोफेशनल सोसायट्यांचं सभासद व्हावंच व्हावं, त्याने ओळखी वाढतात आणि नोकरी घर शोधत येते, असं हृषीकेश घरी छातीठोकपणे सांगायचा. वर्षभरात तो चार सोसायट्यांचा सभासद झालाही. पठ्ठ्याची शाखा मेकॅनिकल, त्यामुळे मोटारवाल्यांची सोसायटी ठीक होती. पण काँक्रीटवाल्यांच्या आणि माती तपासणाऱ्यांच्या सोसायटीत तो काय करतो, हे कुणालाच कळत नव्हतं. चौथी महिला इंजिनिअरांची. तिथे त्याने नियमावली खोदून ‘सहयोगी सभासद’ नावाची फट शोधून काढली होती.

खरं कारण होतं सिव्हिलची कौमुदी सोनटक्के. ती मोटारींची सोडून बाकी तिन्ही सोसायट्यांत होती.

हृषीकेशच्या वडिलांची रेल्वेतली बदली मिरजेहून लखनऊला झाली आणि घर चारबाग स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आलं. वडील सदा लाइनवर, आई सतत फोनवर मिरजेतल्या नातेवाइकांशी. दिवसभर हिंदी ऐकून पोराचे कान नुसते उपाशी राहायचे. ‘काय रे, जेवलास का?’ एवढं कुणी सहज विचारावं, यासाठी तो तळमळायचा. नोटीस बोर्डावर ‘सोनटक्के’ हे आडनाव वाचलं, त्या दिवशी त्याला गावाकडचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.

पण कौमुदी जन्मापासून लखनऊची. वडील इथल्याच एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत.

“कौमुदी, पोस्टर कुठे लावू?”

“सीढ़ी के पास लगा दो, यार.”

एक दिवस ही मुलगी आपल्याशी मराठीत बोलावी, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी तो काँक्रीटचे ठोकळे उचलत होता.

मग काँक्रीट सोसायटीच्या सचिवपदाची निवडणूक लागली. कौमुदीने अर्ज भरला. तिच्या हाताखाली राबायला मिळावं म्हणून हृषीकेशने सहसचिवाचा अर्ज भरला आणि घाईत खूण केली ती सचिवापुढे. यादी लागली, तेव्हा पदासाठी दोनच उमेदवार होते, कौमुदी आणि तो. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

कौमुदीने बोलणंच टाकलं. चार दिवसांनी सगळ्या सोसायट्यांचं काम बघणाऱ्या रिझवी सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. सर पक्के लखनवी, शिपायालाही ‘आप’ म्हणणारे.

“बेटा, चुनाव-वुनाव में क्या रखा है? आप दोनों राजीनामा कर लीजिए, हम मंजूर कर देंगे.”

हृषीकेशचा चेहरा पडला. एखादा अनोळखी शब्द असता तर त्याने अर्थ विचारला असता. पण राजीनामा! मिरजेत माणूस राजीनामा देतो म्हणजे खुर्ची सोडून घरी जातो, हे शाळेतलं पोरही सांगेल. चूक आपली आणि भोगायची तिनेही? त्याचं मन घेईना. बाहेर व्हरांड्यात त्याने तिला गाठलं.

“कौमुदी, तू काही करू नकोस. राजीनामा मी लिहून देतो.”

चार दिवसांत पहिल्यांदाच कौमुदी हसली. “सच्ची? मुझे लगा तुम अड़ जाओगे. मैं तो कब से यही चाहती थी.”

“कधीपासून?” त्याने कसंबसं विचारलं.

“जिस दिन लिस्ट लगी, उसी दिन से.”

ती उड्या मारत जिना उतरून गेली. आपण जाणार म्हणून कुणाला इतका आनंद होऊ शकतो, हे हृषीकेशला पहिल्यांदाच कळलं आणि त्याला फार वाईट वाटलं. मग त्याने ठरवलं, जायचंच तर पुरतं जायचं. चार कागद घेतले आणि चारही सोसायट्यांच्या नावे हिंदीत लिहिलं: ‘राजीनामा. मैं अपनी खुशी से राजीनामा देता हूँ.’ खाली बारीक अक्षरात, ‘मेरा नाम रजिस्टर से काट दिया जाए.’

रिझवी सरांनी चष्मा न लावताच वरची ओळ वाचली. “चार-चार? मियाँ, बड़े दिलवाले निकले आप.” आणि चारही कागदांवर झोकात ‘मंजूर’ लिहून सही ठोकली.

शुक्रवारी सोसायटीची बैठक होती. हृषीकेश तिकडे न फिरकता घरी जायला फैजाबाद रोडवर चिनहटकडून येणाऱ्या बसची वाट बघत उभा राहिला. इतक्यात कौमुदी धापा टाकत आली. तिच्या हातात त्याचा कागद होता.

“ये क्या है? तुमने मेंबरशिप ही छोड़ दी?”

“सर म्हणाले ना, राजीनामा करा.”

“राजीनामा मतलब समझौता! झगड़ा खत्म, दोनों मिलकर सेक्रेटरी. सर ने मीटिंग में हम दोनों का नाम लिया, तो ऑफिस वाले मोहन बाबू रजिस्टर ले आए. बोले, साहब, इनका नाम तो आपने ही कटवाया है.”

“मग आता परत भरतो ना फॉर्म.”

“जुलाई से पहले नहीं भर सकते. तुम्हारी जगह मेरी क्लास के आर्यन को ले लिया.” तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. “मैंने तो पूरे साल का प्लान बना लिया था. तुम्हारे साथ.”

कौमुदी त्याच्याकडे बघत राहिली. संताप अनावर झाला असावा आणि त्यासाठी हिंदी पुरली नसावी, कारण ती थेट आपल्या आईच्या सुरात कडाडली.

“अरे गाढवा, मला एकदा विचारायचं तरी होतंस!”

अख्खी मराठी! क्रियापदासकट! वर्षभर ज्यासाठी माती तपासली, ते फैजाबाद रोडवर, टेंपोंच्या गोंगाटात कानावर पडलं. त्याला किती बोलायचं होतं. मिरज, क्वार्टर, आईचे फोन, ते नोटीस बोर्डावरचं आडनाव, सगळं सांगायचं होतं. पण ऐन वेळी सगळी मराठी दडी मारून बसली आणि घाबरलेल्या तोंडातून निघालं, “जी, गलती हो गई.”

कौमुदीने सुस्कारा टाकला.

“चलो, कोई बात नहीं, यार,” ती म्हणाली आणि त्याच्या हातात कागद ठेवून कॉलेजकडे वळली.